उन्हं चढल्यावरचा चमत्कार

गेल्या थंडीत देवाने आमच्या बेटावरच्या मातातोआ गावात एक नवीन खातं उघडलं, होडीच्या इंजिनांचं. वादळं, आजारपणं, कोनफळांचं पीक ही जुनी खाती सांभाळून त्याला एवढी फुरसत कशी मिळाली ते मला ठाऊक नाही. पण बंधू इनोकेचं म्हणणं तसं होतं, आणि त्या दिवसांत बंधू इनोके म्हणेल ती पूर्व दिशा.

त्या सकाळी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली सगळं गाव जमलं होतं. बायकांनी केवड्याच्या पानांच्या चटया अंथरल्या होत्या. चर्चमधली गाणारी मंडळी, जाडे आवाज एका बाजूला आणि बारीक आवाज दुसऱ्या बाजूला, अशी शिस्तीत बसली होती. मधे वाळूवर ओढलेल्या होडीत माझा भाचा सातेकी मान खाली घालून बसला होता. होडीच्या मागच्या फळीवर त्याचं इंजिन, आणि इंजिनावर आम्ही लग्नात नवरीला गुंडाळतो तसलं झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड. इंजिनालाही पडदा पाळावा लागतो हे मला उतारवयात कळलं.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” इनोके म्हणाला, “या यंत्रात पेट्रोल आहे का?”

“आहे,” गाव म्हणालं.

“ठिणगी पडते का?”

“पडते.”

“मग पहाटे दोरी ओढली तर आत काही पकडत का नाही? दोरी नुसती रिकामी का येते?”

“पाप,” गाव एका सुरात म्हणालं.

शाळेतली बाई म्हणून मी या गावाच्या दोन पिढ्यांना विज्ञान शिकवलं. चुकीची उत्तरं पुष्कळ ऐकली, पण इतक्या एका सुरात कधी ऐकली नाहीत. हा इनोके माझ्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. अभ्यासात बेताचा, पण आवाज गोड, आणि चेहरा असा की चोरी पकडणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. मोठेपणी तो ऑकलंडला होड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागला. तिथून त्याला का काढलं ते तो सांगत नाही, देवाने परत बोलावलं एवढंच सांगतो. परत आला तो पांढरा शर्ट, काळा चष्मा घालून आणि कमरेला जाडजूड चटई बांधून. कमरेला चटई आम्ही सगळेच बांधतो, चारचौघांत तिच्याशिवाय जात नाही. इनोकेच्या चटईत मात्र पोटाशी एक बाटली खोचलेली असायची. तिच्यात मंतरलेलं खोबरेल होतं.

ती बाटली घेऊन त्याने दोन्ही हात कापडाखाली घातले. मंडळींनी स्तोत्र सुरू केलं. कापडाखाली बराच वेळ खुडबुड चालली होती, ती देवदूतांची असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. स्तोत्र संपलं, कापड निघालं, इनोकेने एका हाताने दोरी ओढली आणि इंजिन घरघरायला लागलं. बायका रडल्या. काही पुरुषही रडले, पण त्यांनी ते वाऱ्यावर ढकललं.

“मी तेल घातलं, देवाने क्षमा केली,” इनोके म्हणाला. “पण सातेकी, उद्या पहाटे हे पुन्हा अडकणार. तुझ्या घरातलं पाप रोज रात्री येऊन या यंत्रात बसतं. माणूस कबूल होत नाही तोवर यंत्र कबूल होत नाही.”

सगळ्यांच्या माना सातेकीच्या बायकोकडे वळल्या. लेसिएली लुपेचा, म्हणजे आपल्या मुलीचा, हात धरून झाडाला टेकून उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

“आणि झाकण उघडायचं नाही,” इनोकेने झाकणाभोवती लाल फीत बांधत बजावलं. “झाकण उघडलं की आशीर्वाद उडून जातो.”

हे सगळं सुरू झालं ते आमचा मिस्त्री होपोआते ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला तेव्हापासून. गावातले धडधाकट पुरुष दरवर्षी तिकडे जातात. त्या वर्षी मिस्त्रीही गेला. त्याच्यामागे कुणाचं तरी इंजिन एका पहाटे अडकलं. त्यात नवल काही नाही. खारं पाणी आणि वाळू यांच्यात राहून कुठलं यंत्र कुरकुरणार नाही? पण इनोके तिथे जाऊन पोहोचला, तेल घातलं, आणि इंजिन सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या इंजिनाला आशीर्वाद घालून घ्यायला लागला, चांगल्या चालणाऱ्यांनासुद्धा. आमच्याकडे खोबरेल बाळाला लावतात, नवरीला लावतात, नाचणाऱ्या मुलींना लावतात, मेलेल्याला लावतात. इंजिनाला लावायचं राहिलं होतं, तेवढंच.

मग पहाटे एकामागून एक इंजिनं अडकायला लागली. समुद्रावर निघताना मनात भांडण किंवा लपवलेलं पाप ठेवू नये, हे आमच्याकडे जुनंच. इनोकेने ते उचललं आणि त्याला दोरी बांधली. ज्याचं इंजिन अडकलं त्याच्या घरात पापी आहे, त्याने चारचौघांत कबूल व्हावं. लोक कबूल झाले. कुणी शेजाऱ्याचं डुकराचं पिल्लू खाल्लं होतं, कुणी बहिणीच्या चटया विकल्या होत्या. घंटा वाजवणाऱ्या टेव्हिटाने तर असं काही सांगितलं की त्याची बायको अजून त्याला मागच्या दाराने घरात घेते. एवढं होऊनही पहाटे इंजिनं अडकतच होती. उन्हं चढल्यावर इनोके तेल घालायचा आणि ती सुरू व्हायची. “देव आपल्या वेळेने उठतो,” तो सांगायचा. तोवर भरती उतरलेली असायची, वारा सुटलेला असायचा, आणि मासळी आपल्या घरी गेलेली असायची. गाव डब्यातलं मांस खात होतं. इनोकेच्या घरी मात्र रोज कुणाचं तरी भाजलेलं डुक्कर जात होतं.

सगळ्यांत जास्त अडकायचं सातेकीचं इंजिन. लेसिएली पडली दक्षिणेकडच्या बेटावरची. तिचे भाऊ इथे नाहीत, तिच्या बाजूने बोलायला कुणी नाही. त्यातून सातेकी मागच्या वर्षी फळं तोडायला गेला होता तेव्हा ती इथे एकटी होती. इनोकेला आणखी काय हवं होतं?

मी सातेकीला बोलावून घेतलं. आमच्याकडे आत्या म्हणजे थट्टा नाही. भावाच्या मुलांवर आत्याचा हक्क बापाहून मोठा. तिने भाच्याच्या घरातली चटई मागितली, डुक्कर मागितलं, तर ‘घ्या’ म्हणायचं, कशाला म्हणून विचारायचं नाही. पण हा हक्क वस्तूंवर चालतो, डोक्यावर चालत नाही.

“आत्या, तुम्ही शिकवलंत ते खरं,” सातेकी म्हणाला. “पण तेल घातलं की सुरू होतं ना? डोळ्यांनी दिसतं ना?”

“झाकण उघडून बघितलंस?”

“ते उघडायचं नाहीये.”

“का नाही?”

“आशीर्वाद...”

“उडून जातो. ऐकलं मी.”

मला राग आला तो त्याचा आणि माझाही. झाकणाखाली काय असतं ते मला माहीत होतं; माझा नवरा आयुष्यभर इंजिनं दुरुस्त करायचा, त्याची हत्यारांची पेटी अजून माझ्या पलंगाखाली आहे. पण तेल घातल्यावर ते सुरू का होतं आणि पहाटे पुन्हा का अडकतं, हे मला सांगता येत नव्हतं. उत्तर ठाऊक नसताना फळ्यासमोर उभं राहायची मला सवय नाही.

शुक्रवारी सकाळी लेसिएली लुपेला घेऊन माझ्याकडे आली. शनिवारी पहाटे मोठी बोट आमच्या खडकांबाहेर येऊन थांबते. तिच्यातून लेसिएलीने माहेरी जायचं असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे इनोकेने ठरवलं आणि सातेकी गप्प बसला. लुपे इथेच राहणार होती, कारण पाप आईचं, पण मुलगी या घराण्याची.

“आत्या, हिचे केस तुमच्याकडे विंचरते,” ती म्हणाली. “घरात सगळ्या येऊन बसल्यात, मी गाठोडं कसं बांधते ते बघायला.”

पायरीवर दोघी बसल्या. बाहेर आग्नेयेचा गार वारा सुटला होता. लुपेने माझी गोधडी अंगावर ओढून घेतली.

“तुम्हालाही तसंच वाटतं का?” लेसिएलीने विचारलं.

“मला वाटतं माझा भाचा गाढव आहे.”

“ते लग्नाच्या आधी सांगायचं होतंत.” ती हसली, पण हसू लगेच मावळलं. “तो नव्हता तेव्हा मी एकटी होते म्हणतात. एकटी म्हणजे सासू, दोन नणंदा आणि त्यांची सगळी पोरं. त्या घरात मला पाय पसरायला जागा नव्हती, परका पुरुष कुठे ठेवणार होते मी? कबूल हो, कबूल हो म्हणतात. काही केलं असतं तर कबूल होऊन मोकळी झाले असते. आता न केलेलं कुठून आणू?”

मी लुपेच्या पायांवरून घसरलेली गोधडी सारखी केली.

“हिला झोपेत पांघरूण लाथाडायची सवय आहे,” ती लुपेच्या केसांत फणी घालत म्हणाली. “सासूबाईंना सांगून ठेवा. माझं त्या ऐकणार नाहीत.”

तिने माझ्या फळीवरची खोबरेलाची बाटली उचलली आणि तळहातावर उपडी केली. काही पडलं नाही. आतलं तेल पांढरं, घट्ट झालं होतं. तिने सवयीने बाटली उन्हातल्या पायरीवर ठेवली.

“थिजलंय,” ती म्हणाली. “राहू दे. उन्हं चढली की पातळ होईल.”

मी त्या बाटलीकडे बघत बसले. दर थंडीत मी स्वतः ती तिथेच ठेवते. जन्मभर ठेवत आले. उन्हं चढली की पातळ होईल. पहाटे थिजेल. ज्यांच्या होड्या उघड्या वाळूवर असतात त्यांची इंजिनं लवकर सुटतात, आणि सातेकीची होडी सुरूच्या दाट सावलीत असते.

“लेसिएली,” मी म्हटलं, “तुझं पाप उन्हाळ्यात आपोआप फिटलं असतं बघ.”

“काय म्हणालात?”

“काही नाही. उद्या गाठोडं घेऊन ये. पण गाठ फार घट्ट मारू नकोस.”

शनिवारी पहाटे सगळं गाव गोधड्या पांघरून किनाऱ्यावर आलं. कुणाची बायको घरातून जाताना बघायला लोक किती लवकर उठतात. मासे मारायला एवढ्या तत्परतेने उठले असते तर गावाला डब्यातलं मांस खावं लागलं नसतं. लेसिएली गाठोडं घेऊन होडीत बसली होती. लुपे आजीच्या हातात होती आणि मोठ्याने रडत होती. सातेकी दोघींकडेही बघायचं टाळत होता.

“आज बघा,” इनोके पोटावर हात ठेवून म्हणाला. “आज पाप या होडीतून चाललंय. म्हणून आज देव उन्हाची वाट बघणार नाही. हे इंजिन आत्ता, या अंधुक उजेडात सुरू होईल. आणि ते झालं म्हणजे पापी कोण हे कुणी विचारायला नको.”

त्याने पोटाशी रात्रभर धरलेली बाटली कोमट असणार. ते तेल ओतलं की आतलं थिजलेलं सुटणार, इंजिन सुरू होणार, आणि लेसिएली जन्माची पापी ठरणार. हा मुलगा माझ्या वर्गात एवढं डोकं का चालवत नव्हता कोण जाणे.

मंडळींनी स्तोत्राला सुरुवात केली आणि सातेकी कापड पसरायला निघाला, तेवढ्यात मी पुढे झाले. मी माझी सगळ्यात चांगली चटई कमरेला बांधली होती, हातात नवऱ्याची पेटी होती. होडीसमोर मधोमध, जिथे मानाच्या माणसाने बसायचं, तिथे मी जाऊन बसले.

“सातेकी, मला तुझं इंजिन हवंय,” मी म्हटलं.

स्तोत्र तिथल्या तिथे थांबलं. डुक्कर मागणारी आत्या गावाने पाहिली होती, इंजिन मागणारी पाहिली नव्हती.

“बाई, ते इंजिन देवाला वाहिलेलं आहे,” इनोके म्हणाला.

“देवाने मागितलं तर त्याच्याशी मी बोलेन. सध्या मी भाच्याकडे मागतेय.”

“बाई, आता ही वेळ नाही...”

“इनोक्या, मी तुझ्याशी बोलतेय का?”

वर्गातला जुना आवाज होता तो. इनोके दोन पावलं मागे सरकला. सातेकीने माझ्याकडे बघितलं, इनोकेकडे बघितलं, मग म्हाताऱ्या मंडळींकडे बघितलं. म्हातारी मंडळी वाळू बघत होती. आत्याला नाही म्हणायचा रिवाज त्यांनी कुणाला शिकवला नव्हता.

“घ्या, आत्या,” तो म्हणाला.

मी सुरीने लाल फीत कापली आणि झाकणाची कडी उघडून ते खाली ठेवलं. आशीर्वाद उडताना कुणाला दिसला नाही. इंजिनाच्या डोक्यावर ताटलीएवढा एक डबा असतो, दोरी त्यात गुंडाळलेली असते. पान्याने त्याचे बोल्ट काढले, डबा उचलला आणि लोकांसमोर उपडा केला. आत सगळीकडे पांढरी थिजलेली साय होती, तिच्यात वाळू आणि मिठाचे खडे रुतलेले.

“सगळ्यांनी जवळ या. सातेकी, तू आधी. हे काय आहे?”

“तेल,” तो हळूच म्हणाला.

“कसलं?”

त्याने बोट लावून वास घेतला. “खोबरेल.”

“आणि हे?” मी डब्याच्या मधे असलेल्या छोट्या लोखंडी खटक्यावर बोट ठेवलं. तो बोटाच्या पेराएवढा असेल. “दोरी ओढली की हा खटका बाहेर येतो आणि इंजिनाचं चाक पकडतो. चाक फिरलं की इंजिन सुरू. हा आतच चिकटून बसला तर दोरी रिकामी येते. आता ओढ दोरी.”

त्याने ओढली. डब्यातली चकती फिरली, खटका जागचा हलला नाही. दोनचार बायका वाकून बघत होत्या. “अगं, हे तर थिजलंय,” एकजण म्हणाली. आमच्या गावातली प्रत्येक बाई खोबरेल काढते आणि प्रत्येकीला हे शेंबडी होती तेव्हापासून माहीत आहे. ते इंजिनाच्या झाकणाखालीही थिजतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि झाकण उघडायची बंदी होती.

“आता लेसिएली, तू इकडे ये.”

मी पेटीतली सुटी दोरी काढली, तिची गाठ इंजिनाच्या उघड्या चाकाच्या खाचेत अडकवली आणि दोरी चाकाभोवती गुंडाळली. खटक्याशिवाय इंजिन सुरू करायची ही जुनी रीत आहे. दोरीचं टोक लेसिएलीच्या हातात दिलं.

“मी?” ती म्हणाली.

“तूच. कापड नको, स्तोत्र नको. खांद्यातून ओढ आणि मागे हो.”

पहिल्यांदा ते खोकलं. दुसऱ्यांदा तिने दात ओठ खाऊन ओढली आणि इंजिन सुरू झालं. गावातल्या सगळ्यात पापी हाताने, पहाटे, गार वाऱ्यात. मी ते थोडा वेळ चालू दिलं आणि मग बंद केलं, म्हणजे माझं बोलणं ऐकू यावं.

“इंजिनाला काही झालेलं नव्हतं,” मी म्हटलं. “चिकटला होता खटका. इनोके उन्हं चढल्यावर पोटाशी धरलेलं कोमट तेल ओततो, थिजलेलं सुटतं, खटका हलतो. रात्री ते सगळं पुन्हा थिजतं. रोजचं नवं तेल, रोजची नवी वाळू, रोज जास्त चिकट. ज्याच्यावर आशीर्वाद जास्त त्याचं इंजिन जास्त अडकतं. खरं वाटत नसेल तर हा डबा धर, इनोक्या, तुझ्या पोटाशी. तिथे ऊब चांगली आहे.”

त्याने धरला नाही. तो सातेकीच्या आईने, म्हणजे जिने लेसिएलीला सगळ्यांत जास्त छळलं तिने, दोन्ही तळहातांत घेतला आणि खटक्यावर गरम श्वास सोडत बसली. थोड्या वेळाने साय पाझरायला लागली. तिने नखाने टोचलं तर खटका टक्कन बाहेर आला. तिने शेजारी उभ्या लुपेला पुढे केलं आणि लुपे धावत आईकडे गेली.

इनोके एव्हाना सावरला होता. “मी साधा माणूस,” तो गोड आवाजात म्हणाला. “मला देवाने तेल घाल म्हणून सांगितलं, मी घातलं. ते थिजतं हे मला काय माहीत? माझीही फसगत झाली म्हणायची, बंधूंनो.”

आणि मी सांगते, लोक विरघळायला लागले. खोबरेलापेक्षा लवकर. “बिचारा,” असं कुणीतरी म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. इनोकेची आत्या, मेलियामे म्हातारी, नातीच्या आधाराने पुढे आली. तिला कमी ऐकू येतं, पण हक्काची गोष्ट तिला कधीच कमी ऐकू आली नाही.

“इनोके,” ती म्हणाली, “गावभरची डुकरं खाल्लीस. मला कधी शेपटी तरी पाठवलीस का?”

“आत्या, ते आपण घरी...”

“मला तुझं इंजिन हवंय. ते बघ, ते, तुझ्या होडीचं.”

“आत्या, माझं कशाला? माझं चांगलं चालतंय.”

“म्हणूनच हवंय. चांगलंच तर मागतात.”

तो चष्मा काढून पुसायला लागला. गाव वाट बघत होतं. ज्या रिवाजाने सातेकी अडला तोच आता इनोकेच्या गळ्यात पडला होता. शेवटी सातेकीच उठला, इनोकेच्या होडीत चढला आणि इंजिनाचं झाकण उघडलं. बोल्ट काढून डबा उपडा केला आणि सगळ्यांना दाखवला.

आत तेलाचा थेंब नव्हता. धुऊन पुसून लख्ख केलेला डबा, खटक्यावर कारखान्यात लावतात तसं इंजिनाचं ग्रीस, अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. ऑकलंडमध्ये तो काहीतरी शिकला होता खरा.

“याच्यात आशीर्वाद का नाही घातलास?” सातेकीने विचारलं.

इनोकेने बाटली चटईत आणखी खोल खोचली. कुणी त्याच्यावर हात टाकला नाही. घंटावाला टेव्हिटा मात्र त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्या थंडीत गावात जेवढी कबुली झाली होती त्यातलं एक अक्षरही आता परत घेता येणार नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

खडकांबाहेर मोठ्या बोटीचा भोंगा वाजला. बोटीतली लेसिएलीची जागा रिकामी होती, ती वाया गेली नाही. इनोके त्याच बोटीने गेला, तिथवर सुट्या दोरीने सुरू केलेल्या दुसऱ्याच्या होडीतून, कारण त्याचं इंजिन आता आत्याचं होतं.

नंतर मी सातेकीचा डबा वाळूवर न ठेवता चटईवर घेतला आणि लेसिएलीला जवळ बसवलं. “मागे सरका रे,” मी पोरांना म्हटलं. “या डब्यात एक स्प्रिंग आहे. ती सुटली तर कोण पापी ते बघत नाही, कुणाचंही नाक कापते.” लेसिएलीने पकडीने छोटी कडी काढून खटका सुटा केला, पेट्रोलमध्ये घासला, डबा पुसून कोरडा केला. चिमूटभर ग्रीस लावून सगळं परत जागेवर बसवलं. दोरी ओढली तेव्हा खटका पहिल्याच झटक्याला बाहेर आला.

सातेकी तिच्यासमोर येऊन बसला. कमरेला त्याने फाटकी जुनी चटई बांधून आणली होती, आम्ही सुतकात आणि माफी मागताना बांधतो तसली.

“घरी चल,” तो म्हणाला.

“मला तू चारचौघांत उभं केलं होतंस,” लेसिएली म्हणाली. “रोज, या झाडाखाली. आज तू उभा राहा आणि सांग काय अडकलं होतं.”

तो उभा राहिला. गाव अजून गेलं नव्हतं.

“खटका अडकला होता,” तो म्हणाला. “खोबरेलाने.”

“आणि?”

त्याने कमरेची फाटकी चटई आवळली. “आणि माझं डोकं. मला झाकण उघडायची भीती वाटली, म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं.”

लेसिएलीने गाठोडं उचललं आणि लुपेला घेऊन घराकडे चालायला लागली. त्याच्यासाठी ती थांबली नाही. तो मागून गेला. ती त्याला माफ करेल की नाही हे मला ठाऊक नाही. घाई करू नये असं माझं मत आहे आणि ते मी तिला सांगितलंय.

वाचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याकडे इंजिन नसेल, दुसरं काहीतरी असेल: पंप, गाय, आजारी मूल, न होणारं मूल. ते अडलं की कुणीतरी गोड आवाजाचा माणूस येईल, कापड पसरेल, आत बघायचं नाही म्हणेल, आणि तुमच्याच घरातल्या एखाद्या एकट्या पडलेल्या बाईकडे बोट दाखवेल. ज्या क्षणी तो म्हणेल की आत बघायचं नाही, त्याच क्षणी सुरी घ्या आणि फीत कापा. मिस्त्री बोलवा, डॉक्टर बोलवा, नाहीतर स्वतः पाना हातात घ्या. मला हे समजायला खूप उशीर होता होता राहिला. लेसिएलीचं गाठोडं तोवर होडीत जाऊन बसलं होतं.